भास्कररावांनी पोलंडहून काय आणलं

भास्कररावांना मी "कसं काय?" विचारलं आणि उत्तर पुरतं न ऐकता बसमध्ये चढलो.

माणूस जाऊन आज वर्ष झालं. हे बसचं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत आम्ही दोघं मेंटेनन्सला. ते गंगापूरकडचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी सिनिअर. नवीन मशीन पोलंडहून येणार होतं, म्हणून ट्रेनिंगला आम्हा दोघांना तीन महिने तिकडं पाठवलं.

छोटं गाव, कडाक्याची थंडी. थिएटरात हीटर असतो म्हणून दर रविवारी सिनेमाला जायचो.

भाषा ओ की ठो कळत नव्हती. मी पॉपकॉर्न संपवून झोपायचो. भास्करराव डोळे फाडून बघायचे.

एकदा पडद्यावर एक म्हातारा आणि त्याची मुलगी नुसते टेबलाशी बसलेले. पाच मिनिटं कुणी बोलेना.

मी म्हटलं, "चला राव, ह्यात काही स्टोरी नाय."

"गप बस लेका. चहा गार झाला तरी बाप पीत नाय. पोरीला कायतरी सांगायचंय त्याला."

सोमवारी तिकडच्या ट्रेनरला विचारलं. म्हाताऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं! भास्करराव आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. पहिल्या दिवशी भास्कररावांनी दारातूनच हात पुढं केला, तर बाई दोन पावलं मागं. मग ओढूनच आत घेतलं आणि दणकून हात मिळवला. उंबऱ्यावर हात मिळवणं तिकडं अशुभ.

"आमची आय बी उंबऱ्यावर देणंघेणं करू द्यायची नाय," म्हणाले. त्या दिवसापासून पोलंड त्यांना सोयऱ्यांचं गाव वाटायला लागलं.

पण त्यांना सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट.

तिकडं "कसे आहात?" विचारलं की माणूस "मस्त" म्हणून सटकत नाही. खरं सांगतो. ट्रेनरनं पहिल्याच सकाळी गुडघा, सासू आणि सरकार, तिघांचीही तक्रार सांगितली. मी घड्याळ बघत होतो. भास्करराव खुर्ची ओढून बसले.

परत आल्यावर ह्यांनीही तेच सुरू केलं. वॉचमननं सहज "कसं काय दादा?" म्हटलं की पाठदुखीपासून बोंडअळीपर्यंत सगळं. लोक लांबूनच राम राम करून पळायचे. मीही लई चेष्टा केली.

"मग इचारू नाय," म्हणायचे. "इचारलं की थांबायचं."

रविवारी दुपारी त्यांच्या घरी लॅपटॉपवर पोलिश सिनेमा, सबटायटल्ससकट. ते, मी आणि शेंगा फोडत बसलेल्या वहिनी. हळूहळू मलाही गोडी लागली. ह्या सिनेमांत कुणी गळ्यात पडून रडत नाही. माणसं भांडी घासतात, कोट खुंटीला अडकवतात, आणि तेवढ्यात त्यांचं आयुष्य बदललेलं असतं.

मग माझं प्रमोशन झालं, शिफ्ट बदलली. रविवार सुटले.

त्या दिवशी ते गेटवर भेटले.

"कसं काय भास्करराव?"

"बरं नाय लेका. गिळताना तरास व्हतोय. मला भ्याव..."

बसचा हॉर्न वाजला.

"रविवारी येतो. निवांत बोलू," म्हणालो आणि चढलो.

गेलो नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही.

आजार कळला तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलात भेटायला गेलो, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं.

आज वर्षश्राद्धाला गेलो होतो. पंगत उठल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या रविवारी तुमची वाट बघितली त्यांनी. सिनेमा लावलाच नाय. मी म्हणलं, काय व्हतंय ते मला तर सांगा. म्हणले, त्यानं इचारलंय, आधी त्याला सांगतो."

बायकोपासून लपवलेली भीती हा माणूस माझ्यासाठी राखून बसला होता, आणि मी घरात लोळत मोबाईल बघत होतो. लाज वाटली. अजून वाटते.

वहिनींनीच विचारलं, "तुम्ही कसे हायेत?"

"मजेत" अगदी ओठावर आलं होतं.

"बरा नाही, वहिनी."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

भास्करराव, चुकलो मी. ओल्या डोळ्यांनी तुम्हाला श्रद्धांजली.