सुटली, पण पोचली का?

कळंबच्या आमच्या दूध संकलन केंद्रावरचे आबा रंगात आले की मांडीवर थाप मारायचे, पण कुणाच्या मांडीवर याचा नेम नसायचा. जाणकार माणसं त्यांच्यापासून हातभर लांब बसत. दुधाचं माप घेणं हे त्यांचं काम आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं ही आवड.

बारावीनंतर मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं, आणि वडील 'न्हाय' या एका शब्दावर अडून बसले होते. डोकं कुठंतरी गुंतवायचं म्हणून मी बारामतीच्या ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं: दहा लेखकांच्या दहा किशोरकथा. संध्याकाळी किटली रांगेत ठेवून वाचत बसले, तर आबांनी हटकलं, "कोमे, एकटीच काय हसतीस? मोठ्यानं वाच. आमी काय पाप केलंय?"

झालं! रोज संध्याकाळी एक गोष्ट. पहिल्या गोष्टीतली पोरगी घरच्यांशी भांडून पोहण्याच्या स्पर्धेसाठी शहराच्या एसटीत बसते. एसटी सुटते, गोष्ट संपते.

"सुटली, मान्य," आबा म्हणाले. "पण पोचली का?"

"ते लेखिकेनं सांगितलं नाही, आबा."

"मग उद्या सांगंल."

दुसरी गोष्ट गॅरेजात काम करणाऱ्या एका मुलाची. दोन ओळी वाचल्या नाहीत तोच आबांची थाप पडली. "बघा, आता तिची एसटी हितंच बंद पडणार!"

मी परोपरीनं सांगितलं, लेखक वेगळे, गोष्टी वेगळ्या. आबा म्हणाले, "कारखान्याला ऊस धा जणांचा जातो. साखर एकच निघती का न्हाय?" सगळ्या रांगेनं माना डोलावल्या. सहकारात मुरलेल्या माणसांपुढे माझी काय टाप!

मग काय, कुठल्याही गोष्टीत दार वाजलं की सगळी रांग ओरडायची, "आली, आली!" गोष्ट चुकू नये म्हणून लोक धारा लवकर काढू लागले. सहाव्या गोष्टीत भूत निघालं तेव्हा आबांचा चेहराच उतरला. "तिचं न्हाय ना गं?" भूत एका सावकाराचं आहे म्हटल्यावर टाळ्या पडल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दहावी गोष्ट संपली. पोरगी काही आली नाही. आबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे वळले. "संपतराव, धा जणांनी लिवलं, पण पोचली का न्हाय ते एकानंबी सांगितलं न्हाय. आता हिलाच धाडा. कळंल तरी."

सगळी रांग वडिलांकडे बघत होती. त्यांनी हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. "व्हय आबा," ते म्हणाले. "धाडतो."

आबांना खरंच कळलं नव्हतं, की पहिल्या दिवसापासून सगळं कळलं होतं? विचारीन विचारीन म्हणत राहिले, आणि गेल्या वर्षी आबा गेले. फार आठवतात.

तेव्हा पुण्यात उतरल्या उतरल्या मी पहिला फोन केला होता तो केंद्रावर. आबांनी उचलला आणि मी कोण, कुठून बोलतेय, काही न विचारता म्हणाले, "पोचली का गं?"

"पोचली, आबा!"

फोनमधून सणसणीत थाप ऐकू आली, आणि पाठोपाठ माझ्या वडिलांचा आवाज, "आई गं!"