जावयाने आणलेला दोरा

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी पिंपळवंडीला सासरवाडीला गेलो की नुसता बसून असायचो. घोंगडी अंथरलेली, तक्क्या लावलेला, आणि मी. टोमॅटोची तोडणी जोरात चालू असली तरी मला कॅरेटला हात लावायची सोय नव्हती. लावला की सासरे लगबगीने यायचे. "ऱ्हाऊ द्या पावणं, तुमी बसा." मान होता, नाही म्हणत नाही, पण मला त्या घरातलाच एक व्हायचं होतं आणि घर मला चहावर चहा पाजत होतं.

सासऱ्यांना नाद एकच, गळ टाकायचा. गावालगतच्या धरणाच्या फुगवट्यात जलपर्णी माजली होती आणि तिच्याखाली मरळी होत्या. त्या गळाला लागायच्या, पण हाती येत नसत. लागली रे लागली की मरळ जलपर्णीच्या मुळांत शिरायची, तंगुसाचा, म्हणजे साध्या नायलॉनचा, दोरा ताणत जायचा आणि तुटायचा. मग सासरे रिकाम्या हाताने परतायचे आणि त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने टीव्हीसुद्धा लावायचं नाही.

मी जुन्नरचा, लहानपणी कुकडीत पुष्कळ गळ टाकलेला. पण सांगतो कोणाला? दोन हजार सालानंतर कधीतरी कामानिमित्त पुण्याला गेलो असताना एका दुकानात विणलेला दोरा दिसला. बारीक तंतू घट्ट गोफासारखे विणलेले. कितीही ओढा, तसूभर ताणत नाही. दुकानदार बारीक दोऱ्याचं रीळ पुढे करत होता. म्हणे, माशाला दिसत नाही, लांब जातो. मी म्हटलं, आमच्या मरळीला दोरा बघायला उजेड कुठे आहे? आणि लांब जाऊन करायचं काय, ती तर काठालाच असते. मला जलपर्णीची देठं कापत मासा वर आणणारा आणि माझी बोटं न कापणारा दोरा हवा होता. सगळ्यात जाड, शेवाळी रंगाचं रीळ उचललं.

सासऱ्यांनी दोरा बोटांत चोळून पाहिला. "पावणं, ह्यानं मासा धरायचा का बैल बांधायचा?"

कुतूहल मात्र होतंच. एक टोक आंब्याला बांधून दुसरं त्यांनी हाताला गुंडाळलं आणि सगळं बळ लावून ओढलं. दोरा तुटला नाही, तळहातावर वळ उठला. हात पाठीमागे नेत ते म्हणाले, "चला, बघू तरी."

काठावर गेल्यावर त्यांनी नवा दोरा बांधलेली काठी माझ्या हातात दिली. तिथेही पहिला मान पाहुण्याचा. गळाला बेडूक लावून मी तो जलपर्णीतल्या एका फटीत सोडला आणि अलगद नाचवू लागलो. थोड्या वेळाने पाणी धप्पकन फुटलं आणि काठी वाकली. मी जन्मभर तंगुसावर मासे खेळवलेले. तुटेल या धास्तीने माझा हात आपोआप सैल पडला आणि मरळ मुळांकडे वळली. ही गेली तर जावयाचा दोरा म्हणजे वर्षभराचा विनोद, आणि मी कायमचा तक्क्याला टेकलेला!

"आरं येड्या!" सासरे कडाडले. "ढील काय देतो? पतंग उडवतो का? वढ! मागं सर आन् वढ!"

मी ओढलं. चिखलात मागे मागे सरकत, दात-ओठ खाऊन ओढलं. देठं कटाकट तुटली आणि जलपर्णीचा भला मोठा पुंजका अंगावर घेऊन मरळ बाहेर आली. मी पाठीवर आपटलो. सासऱ्यांनी तिच्यावर झडप घातली.

मग मरळ दाबून धरत त्यांनी माझी नजर चुकवली. जावयाला येडा म्हणालो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. आता हे माफी मागणार आणि मी पुन्हा पाहुणा होणार, अशी मला भीती वाटली.

त्यांनी चिखलाने माखलेल्या माझ्याकडे पाहिलं. "बघत काय बसलाय?" ते म्हणाले. "उचल ती. धरली तू, साफ बी तूच करायची."

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, जावायाला कुटं मासं साफ करायला लावत्यात?" मी तोवर चुलीतली राख घेऊन मोरीशी बसलोही होतो. सासरे माझ्या शेजारीच दोरा सुकवत होते. ते वर न बघताच म्हणाले, "शेपटीकडची खवलं ऱ्हायलीत रं, नीट काढ."

एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.