दहापैकी चार
दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅसपाशी उभी होते, ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, आणि दार वाजलं. बेल असताना दारावर टकटक करणारा आमच्या मजल्यावर एकच माणूस, समोरचे मास्तर.

मास्तरांनी कधी कुणाला शिकवलं नाही. उभा जन्म त्यांनी वर्तमानपत्रात फुटबॉलच्या बातम्या लिहिल्या. सामना संपला की प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे, ते बातमीखाली छापून यायचे. म्हणून खेळाडूंनीच हे नाव पाडलं. हात भलताच आखडता. आमचे हे म्हणायचे, मास्तरांपुढे साक्षात देव खेळला तरी सहाच्या वर जायचा नाही. पण खेळाडू आधी तेच पान उघडायचे, कारण मास्तर कुणाच्या चहाच्या कपाचेही मिंधे नव्हते. बरोबरीचे बढत्या घेऊन ऑफिसात स्थिरावले. मास्तर आपले मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या खुर्चीवर.

मग त्यांची लेकच खेळायला लागली. आईविना वाढलेली पोर. शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे, चिखलाचे बूट आमच्याच गॅलरीत. खेळायची झकास. मास्तरांना मात्र एकच धास्ती, लोक म्हणतील घरचीला झुकतं माप. दुसरीला सहा मिळाले असते तिथे हिला पाच. मोठ्या संघाच्या निवडीआधीच्या सामन्यात तर चारच दिले. निवड करणाऱ्यांनी तो पेपर तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, तुझा बापच चार देतो, आम्ही काय करणार?

घरी भांडणसुद्धा झालं नाही. तिने बॅग भरली, माझ्या गळ्यात पडली आणि गेली. दुसऱ्या गावातल्या एका लहानशा क्लबकडून खेळत राहिली. बापाचा फोन तिने पुन्हा उचलला नाही. पुढे पेपरने खेळाचं पान अर्ध्यावर आणलं, गुण छापणं बंद केलं, मास्तरांनाही घरी बसवलं.

दार उघडलं तर मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आत आले, पण बसेनात. लेकीचा गुडघा कामातून गेलाय, संध्याकाळचा सामना तिचा शेवटचा, असं त्यांना एका जुन्या पंचांकडून कळलं होतं. मला तिने ते आधीच सांगितलेलं.

मी म्हटलं, "तिकीट काढून जा की. मैदान काय कुणाच्या बापाचं आहे?" आणि जीभ चावली.

मास्तर किंचित हसले. म्हणाले, "मी दिसलो तर तिला वाटेल, जाता जाताही गुण द्यायला आले."

इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "त्या सामन्यात तिचे खरे किती होते हो?"

"आठ."

दूध केव्हाच उतू गेलं होतं. मी गॅस बंद केला. ओटा पुसायचं सुचेना. मास्तर अजून उभेच होते.

"वहिनी, तुमचा फोन ती घेते," ते म्हणाले. "मी आलो तर चालेल का, एवढं तिला विचाराल?"