आज हात कसा आहे?

रेडिएशन संपलं त्या दिवशी नर्सने आम्हा दोघींच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. दोघी म्हणजे मी आणि करंजा बंदरावर मासळी विकणारी एक बाई. दोघींचाही एकेक स्तन आणि काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे त्या बाजूचा हात सुजायची भीती. खारघरच्या हॉस्पिटलात आमचे नंबर पाठोपाठ लागायचे, त्यातून ओळख झाली होती. मी पनवेलला राहते, ऑफिसात नोकरी करते. ती मला ‘बाय’ म्हणायची, मी तिला ताई.

अ‍ॅप रोज सकाळी विचारायचं, ‘आज हात कसा आहे?’ खाली तीन चेहरे : हसरा, गप्प, रडका. मग व्यायाम आणि सूचना. ताईला वाचता येत नव्हतं. चेहरा ती स्वतः निवडायची, बाकीचं दोघींना सारखंच यायचं, ते मी फोनवरून वाचून दाखवायचे.

‘‘जड उचलू नका. हात फार वेळ पाण्यात ठेवू नका. काही टोचू देऊ नका.’’

ती हसली. ‘‘मंग कोलंबी कोन सोलंल? तुजा मोबाइल?’’

‘‘ताई, सुनेला सांगा ना.’’

‘‘सून कंपनीत जाते, पोरगा बोटीवर. मी बंदरावर नाय गेले त घरात बसून काय करू? भिंती बघू?’’

तरी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम ती नेमाने करायची. ‘‘आज खिडकीच्या वर गेला हात,’’ असं सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा व्हायचा. माझा हात तिच्याइतका वर जात नव्हता, थोडा सुजलेलाही असायचा. ऑफिसात मला कुणी काही विचारत नसे. घरचे आजार संपला असंच धरून चालले होते. खरं बोलणं व्हायचं ते सकाळच्या त्या फोनवर.

मग एकदा तिला कोलंबीचा काटा लागला. हात सुजून लाल झाला, ताप भरला. तिने रडका चेहरा दाबला, तर अ‍ॅपवर लाल अक्षरं आली, ती सुनेने वाचून दाखवली : ताबडतोब डॉक्टरांना भेटा. ती गेली. इंजेक्शनांनी ताप उतरला, सूज मात्र तशीच राहिली. त्यानंतर पाठ दुखायला लागली. पाठीबद्दल अ‍ॅप काहीच विचारत नव्हतं. मी मागे लागून तिला हॉस्पिटलात पाठवलं. स्कॅन झाला. आजार मणक्यात उतरला होता. आता फक्त दुखणं कमी करता येईल, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं.

मी करंजाला गेले. ती खाटेवर कुशीला वळून पडली होती, बाहेर दोरीवर बोंबील वाळत होते. उशाजवळचा मोबाइल वाजला.

‘‘वाच,’’ ती म्हणाली.

‘‘आज हात कसा आहे, विचारतंय.’’

‘‘काडून टाक आता ते.’’

मी काढायला गेले, तर अ‍ॅपने कारण विचारलं. मी वाचून दाखवलं : मी बरी झाले. फोनमध्ये जागा नाही. उपयोग होत नाही.

 ती म्हणाली, ‘‘पयला दाब.’’

‘‘ताई, पण...’’

‘‘ती नर्स पोरगी बघंल ना? तिला बरं वाटंल.’’

मी दाबलं. ‘अभिनंदन’ अशी अक्षरं आली, ती मी वाचली नाहीत. सुनेने चहा आणला. तो पिताना आम्ही पापलेटच्या भावाबद्दल बोललो. निघताना तिने माझा सुजका हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला.

काही आठवड्यांनी सुनेचा फोन आला. मी ऑफिसात होते. ‘‘गेली,’’ एवढंच ती म्हणाली.

माझे रिपोर्ट सध्या चांगले आहेत. नातेवाईक म्हणतात, तू जिंकलीस. मी मान हलवते. पुढची तपासणी जवळ आली की मी रात्री उठून काख चाचपून बघते, आणि हे सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही.