सावकाशराव लवकर आले

लिफ्ट बंद पडली की फोन यायचा, आणि फोन आला की सावकाशराव आधी हेल्मेटची काच पुसायला घ्यायचे. काचेवर आतून साबणाचा हात फिरवायचा, कोरड्या फडक्याने पुसून काढायचा, म्हणजे वाफ धरत नाही. मग मोटरसायकलचा पुढचा दिवा, मग मागचा लाल, मग दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायचे. तिकडे कुठल्या तरी इमारतीत माणसं दोन मजल्यांच्या मधे लोंबकळतायत आणि इकडे हा गृहस्थ लग्नाला निघाल्यासारखा आवरतोय. साहेब कावायचे. त्यावर उत्तर ठरलेलं, "अडकलेली माणसं कुठे पळून जात नाहीत, साहेब. मी मधेच आडवा झालो, तर मात्र ती रात्रभर तिथेच." यावर साहेब तरी काय बोलणार? 'सावकाशराव' हे नाव मात्र लिफ्टच्या कंपनीने ठेवलं ते ठेवलंच. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

अंधार आणि पाऊस असा दुहेरी योग आला की त्यांची गाडी चालवणं बघण्यासारखं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक घालायचं नाही, गटाराच्या लोखंडी झाकणावर तर मुळीच नाही. ओली झाली की ही दोन्ही साबणाच्या वडीची सख्खी भावंडं. डबक्याचा तळ दिसत नसेल तर ती विहीर समजून वळसा घालायचा. पुढच्या मोटारीचं चाक जिथून गेलं तिथूनच जायचं, कारण तिथलं पाणी तिने आयतं बाजूला सारलेलं असतं. ब्रेक दोन्ही आणि हलक्या हाताने. आणि सिग्नल पिवळा झाला की थांबायचं म्हणजे थांबायचं, मागचे भोंगे वाजवून वाजवून दमोत बिचारे.

मागे बायको बसलेली असली की हा सगळा सोहळा समालोचनासकट व्हायचा. बाई तोंडाने फटकळ.

"अहो, ती सायकल गेली पुढे."

"जाऊ दे गं."

"तिच्यावर आजोबा होते."

त्यांच्या नारिंगी जाकिटाला चमकत्या पट्ट्या तिनेच शिवून दिल्या होत्या, अंधारात लांबून दिसावं म्हणून. पहिल्यांदा घातलं तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "छान. लांबून रस्त्याचं काम चालू आहे असं वाटतं." वीस वर्षं ती मागे बसून कुरकुरत आली आणि वीस वर्षं एकदाही कुठे खरचटलं नाही, पण हे कबूल करेल तर शपथ.

आता गंमत बघा. लिफ्टवाल्याची बायको, पण लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही. लहानपणी लपाछपी खेळताना कपाटात बसली आणि कपाट बाहेरून लागलं. मोठ्यांना पत्ता लागेपर्यंत रडून रडून आवाज गेला होता. तेव्हापासून बंद जागेत गेली की तिला श्वास पुरत नाही. कितवाही मजला असो, बाई जिन्याने. नातेवाईक हसायचे, सावकाशराव हसायचे नाहीत.

पण त्या दिवशी सावकाशरावांच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, पाचव्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे म्हणजे दुसऱ्या मजल्यालाच हात टेकणारे. सावकाशराव सकाळी चहा पिता पिता बोलून गेले, "लिफ्टने जा. कालच तपासलीय मी ती. मी सांगतोय ना?" तिने फक्त मान हलवली. तिच्यासारख्या बाईने नुसती मान हलवली, तेव्हाच खरं तर त्यांनी ओळखायला हवं होतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला पावसाने जोर धरला आणि डॉक्टरांच्या भागातली लाईट गेली. कंपनीच्या गॅरेजमध्ये फोन वाजला. पलीकडून त्या इमारतीचा वॉचमन बोलत होता.

"तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे अडकलीय. लाईट गेली की लिफ्ट जवळच्या मजल्याला आणते ती बॅटरी पण चालली नाही. आत दोन बायका आहेत. एक म्हातारी, ती बरी आहे, मलाच धीर देतेय. दुसरी आधी खूप बोलत होती. आता एकदम गप्प झालीय."

बोलणारी बायको सावकाशरावांना वीस वर्षं झेपली होती, गप्प झालेली झेपणार नव्हती.

त्यांनी काच पुसली नाही. दिवा पुसला नाही. जाकीट खुंटीवर होतं, ते खुंटीवरच राहिलं. शेजारचा मेकॅनिक पाना हातात धरून बघतच राहिला, कारण सावकाशरावांना पळताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

बाजाराचा रस्ता त्यांनी कसा काढला हे त्यांनाच माहीत नाही. डबकी आली, ते त्यातून गेले. एका टेम्पोच्या डावीकडून घुसले, म्हणजे ज्याबद्दल ते दुसऱ्यांना उभं-आडवं बोलायचे, तेच. पूल एका दमात चढले. डोक्यात एकच, ती आत आहे आणि मीच सांगितलं होतं जा म्हणून.

पुलाच्या उताराला सिग्नल पिवळा झाला, आणि सावकाशरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पिवळ्याला गाडी पुढे रेटली. काचेवर आतून वाफ, बाहेरून पाणी. समोरच्या एका दिव्याचे दहा झालेले. त्यातला एक दिवा अचानक आडवा वळला. ब्रेक दाबला गेला तो काही हलक्या हाताने नव्हे, आणि मागचं चाक नेमकं लोखंडी झाकणावर. गाडी शेपूट फिरवून गेली. पाय टेकला, गुडघा दुभाजकाला घासला, पँट फाटली, पण गाडी पडली नाही. मागून येणारी बस हातभर अंतरावर येऊन थांबली.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "लागलं का?"

"नाही."

"मग सावकाश जा, बाबा."

सावकाशरावांना सावकाश जा म्हणणारा हा जगातला पहिलाच माणूस. त्यांनी गाडी कडेला घेतली. मी मधेच आडवा झालो तर ती रात्रभर तिथेच, हे साहेबांना ऐकवायला किती सोपं होतं. आता त्या वाक्यातली 'ती' कोण होती ते त्यांना कळत होतं. त्यांनी शर्टाचं आत खोचलेलं कोरडं टोक काढून काच पुसली, मग दिवा पुसला, आणि उरलेला रस्ता पुढच्या मोटारीच्या चाकामागून, जीव तीळतीळ तुटत असताना, नेहमीच्या चालीने कापला.

वॉचमन टॉर्च घेऊन दारातच उभा होता. सावकाशराव धापा टाकत वर गेले आणि लिफ्टचं दार ठोठावलं. "मी आलोय."

आतून आई म्हणाली, "आला गं, आला. मी म्हटलं नव्हतं?"

मग बायकोचा आवाज, बारीक, पण तिचाच. "इतक्यात?"

ते गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनच्या खोलीत गेले, मेन स्विच बंद केला, ब्रेक सैल करून मशीनचं मोठं चाक हाताने फिरवत लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणून टेकवली. खाली येऊन किल्लीने दार उघडलं. टॉर्चच्या उजेडात दिसलं, आई दाराशी उभी, आणि बायको कोपऱ्यात जमिनीवर बसलेली, डोळे मिटून, चेहरा घामाने भिजलेला. दोन्ही मुठी पुढे धरलेल्या, कुणाचा तरी शर्ट पकडल्यासारख्या.

"अशीच बसलीय कधीची," आई म्हणाली. "हूं नाही की चूं नाही. मला वाटलं जप करतेय."

बायकोने डोळे उघडले. आधी फाटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग अंगावरच्या ओल्या शर्टाकडे.

"जाकीट कुठाय?"

"राहिलं."

"वॉचमन म्हणाला, मेकॅनिक निघाला. मला माहीत होतं तुम्हीच येणार," ती म्हणाली. बोलताना श्वास लागत होता, पण थांबत नव्हती. "छाती दडपून गेली होती हो. मग मी डोळे मिटले आणि तुमच्या मागे बसले. आधी तुम्हाला काच पुसू दिली. दिवा पुसू दिला. टायर दाबू दिले. मग निघालो आपण. बाजारात सगळी डबकी चुकवली तुम्ही. सायकलवाले पुढे गेले, जाऊ दिले. मी काही बोलले नाही. एकदाही बोलले नाही. तुम्ही असे चालवता, म्हणून तर मला श्वास घेता येत होता." तिचा आवाज फाटला. "मी अजून पुलाच्या चढावर होते. तुम्ही इथे कसे पोचलात?"

लिफ्टवाल्याने लवकर येऊन दार उघडलं म्हणून त्याला कुणी रागावलं, असं या धंद्यात आधी कधी झालं नसेल. ती रागावलीच होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढून रागावली होती, आणि ते खाली मान घालून ऐकत होते.

"पुन्हा नाही," ते म्हणाले.

आईला टॅक्सीत बसवून दिलं. टॅक्सीत आणखी जागा होती, तसं आईने सांगितलंही. पण बायको मोटरसायकलपाशी जाऊन उभी राहिली, पदराने आधी मागचा लाल दिवा पुसला, मग पुढचा, आणि मागे बसून त्यांचा शर्ट दोन्ही मुठींत धरला.

"चला," ती म्हणाली. "माझा पूल राहिलाय."

पाऊस होताच. पुलापाशी सिग्नल पिवळा झाला आणि सावकाशराव थांबले. मागे भोंगे सुरू झाले. एक सायकलवाला बाजूने सुळकन पुढे गेला, आणि ती एक शब्द बोलली नाही.