अंगवस्त्राखालचा ताल

पितळेच्या दुकानात धूळ साचते तसे किस्से साचतात. एक झटकावा तर तोवर दुसरा येऊन बसलेला!

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. कुंभकोणमला समयांच्या दुकानात आम्ही तिघं कारकून आणि आमच्यावर हेडक्लार्क सुब्बराव. गिऱ्हाइकाशी तमिळ, आपसांत घरची जुनी मराठी.

रावांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. पण त्यांची लेक कमला काय गायची! तिचं गाणं बंद पडेल अशा घरात तिला द्यायची नाही, हा रावांचा ध्यास. आता गाण्याबजावण्याचं घर असल्या बापाच्या दारात कशाला येईल? म्हणून हा माणूस चक्क रसिक बनला. कसा, ते ऐका!

०

कॉफी क्लबात राव पहिली कॉफी नुसती हुंगायचे आणि परत पाठवायचे. एकदा मी आत डोकावलो, तर मालकानं तीच कॉफी दुसऱ्या पेल्यात ओतून बाहेर पाठवली! मी येऊन सांगितलं.

राव घोट घेत म्हणाले, "ठावूक आहे रे. पण परत पाठवताना सगळ्या क्लबानं पाहिलं की नाही?"

०

एकदा मद्रासचे एक बॅरिस्टर दुकानात आले. समई उचलून विचारतात, "किती जुनी?" समई आदल्याच दिवशी नाचियारकोविलच्या कारखान्यातून बसनं आलेली.

रावांनी तिला नखानं टिचकी मारली, डोळे मिटून नाद ऐकला आणि लांब उसासा सोडला. बॅरिस्टरनी दोन घेतल्या!

"राव, अहो काय हे!"

"मी कुठे काय बोललो? बोलणारा सापडतो!"

०

कच्चेरीचे, म्हणजे गाण्याच्या बैठकीचे, नियम त्यांनी आम्हाला फुकट शिकवले. "पुढच्या रांगेत बसा. मृदंगवाला हसला की मान हलवा. शेवटी गवयाबद्दल एवढंच म्हणा, 'अजून दोन वर्षं द्या.' आणि ताल अंगवस्त्राखाली धरायचा. दिसला की चुकतो!"

एकदा पुढच्या रांगेतच रावांना डुलकी लागली. गवई धसकले. यांना पसंत नाही! मग त्यांनी तो राग असा आळवला की मांडवात लोक डोळे पुसायला लागले. आम्ही गार! झोपेत एवढं गाणं काढून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

०

आणि मग तंजावरहून स्थळ आलं. घराणं जुन्या दरबारातलं, मुलगा फिडल वाजवणारा. वरबापाचा तर असा बोलबाला, की त्यांनी मान हलवली की गवई मोठा झाला!

त्यांनी कमलाचं गाणं ऐकलं. म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आता बापाचा कान पाहू. संध्याकाळी रामनवमीच्या कच्चेरीला बरोबर बसू."

रावांचं तोंड उतरलं. "अरे, मजमुळे पोरीचं मोडलं तर?" या माणसाला घाबरलेला आम्ही प्रथमच पाहत होतो. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी दोघे पुढच्या रांगेत शेजारी शेजारी बसले. दोघांचेही उजवे हात अंगवस्त्राखाली. मागच्या रांगेत आम्ही जीव मुठीत धरून.

गाणं ऐन रंगात आलं आणि कुणीतरी मांडवातला पंखा पुढे वळवला. पाहुण्यांचं अंगवस्त्र उडालं ते थेट माझ्या मांडीवर! त्यांचा हात उघडा पडला. सारा मांडव ताल धरतोय आणि तो हात आपला मांडीवर पालथा, स्वस्थ. पाहुण्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

रावांनी तो हात पाहिला. पाहतच राहिले. मग स्वतःच्या हातावरचं अंगवस्त्र काढून त्यांनी ते हळूच पाहुण्यांच्या हातावर पांघरलं.

आता रावांचा हात सगळ्या मांडवासमोर उघडा. तोही पालथा, तोही स्वस्थ.

पाहुणे त्या हाताकडे बराच वेळ बघत होते. मग रावांच्या कानाशी वाकून म्हणाले, "व्याही, मुहूर्त केव्हाचा धरू या?"