जोसायाचा दुसरा बाप

"शनिवारच्या आत रिपोर्ट हवा," रॉन म्हणाला. "खाली तुझी सही पाहिजे. माझ्यावर घरात कुणाचा विश्वास नाही."

मी तेव्हा न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या एका लायब्ररीत लोकांना वंशावळी तपासून देण्याचं काम करत होते. त्याआधी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. काम फारसं वेगळं नव्हतं. समोरचा सांगतो ते खरं आहे का, एवढंच पाहायचं.

रॉन निवृत्त डेअरी इंजिनिअर, मूळचा अमेरिकन. त्याच्या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव जोसाया ठेवायची पद्धत होती. अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती त्या काळात घराण्यात पहिला जोसाया होऊन गेला, तेव्हापासून ती चालत आली. रॉनचंही पूर्ण नाव जोसाया रोनाल्ड. आता त्याला नातू झाला होता आणि सून अडून बसली होती.

सून आरोहा माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी होती. शनिवारी तिच्या माहेरच्या मराएवर, म्हणजे कुळाच्या एकत्र जमण्याच्या जागी, बाळाचं नाव जाहीर व्हायचं होतं. तिने एका वेबसाइटवर वाचलं, की पहिल्या जोसायाने बायको आणि चार मुलं वाऱ्यावर सोडली आणि दुसऱ्या गावी नवा संसार थाटला. तिचं म्हणणं, नाव दिलं की तो माणूसही बाळासोबत येतो. तो कोण होता ते आधी सांगा.

रॉनने उत्तर शोधून आणलं होतं. पहिल्या जोसायाच्या अमेरिकेतल्या गावच्या जन्मनोंदीत जोसाया दोन होते, चार वर्षांच्या अंतराने. दोघांच्या बापाचं नाव सॅम्युअल, आईचं सारा.

"म्हणजे सॅम्युअल दोन, सारा दोन," रॉन म्हणाला. "जोसाया चुलतभाऊ. पळाला तो दुसऱ्या सॅम्युअलचा. आमचा सज्जन."

हे अशक्य नव्हतं. त्या वसाहतींत बायबलमधली मोजकी नावं फिरून फिरून ठेवली जात. मलाही ते पटलं, कारण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, पण सख्ख्या दोन भावांची नावं एक नसतात. नावं एक, तर बाप वेगळे.

पण दुसरा सॅम्युअल सापडेना. पहिल्याची जमीन होती, चर्चमध्ये बसायची ठरलेली जागा होती, कबर होती. दुसऱ्याचं काहीच नव्हतं. मी त्या नोंदींची मायक्रोफिल्म पुन्हा लावली. पुन्हा तेच. घरी स्वयंपाक करतानाही तो माणूस डोक्यातून जाईना.

माझी बॉस गेल वैतागली. "'शक्यता आहे' असं लिही आणि मोकळी हो. म्हातारा खूश होईल."

"शक्यता लिहिली तर तो खात्री म्हणून वाचेल."

"मग वाचू दे ना!"

त्या गावच्या जुन्या कबरींची माहिती ठेवणाऱ्या एका बाईंना मी ईमेल केली होती. तिथे अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इथे रात्र. मी दर थोड्या वेळाने मेल उघडत होते. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, सोबत फोटो. पाटीच्या दगडाची लहानशी कबर. त्यावर कोरलं होतं: जोसाया, सॅम्युअल व सारा यांचा मुलगा, वय दोन वर्षं.

खाली बाईंनी लिहिलं होतं, "पहिला गेला, म्हणून पुढच्याला तेच नाव दिलं. इथे ही रीतच होती. आमच्या एका घरात तीन एलिझाबेथ झाल्या. तिसरी जगली."

आपल्याकडे गेलेल्या मुलाचं नाव घरात उच्चारवत नाही. तिथे ते धाकट्याला देत. म्हणजे सॅम्युअल एकच. मोठा झालेला जोसायाही एकच, आणि बायको-मुलांना सोडून गेला तो तोच.

दुपारी रॉन आला, बरोबर आरोहा आणि बाळ. मी फोटो पुढे ठेवला आणि सांगितलं. रॉनने फोटो बाजूला सारला.

"उद्या तिच्या सगळ्या नातेवाइकांसमोर उभा राहून मी काय बोलू?"

"झालं ते बोला," आरोहा म्हणाली. "पळून गेलेले आमच्यातही हीप्स आहेत, ढिगाने आहेत, रॉन. पण तुम्ही माझ्या बाळाला कधी नव्हताच अशा माणसाचा वंशज करायला निघाला होता." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मागे राहिली ती बाई कोण?"

"रूथ. माहेरची रीड. मुलं तिने एकटीने वाढवली. त्यातल्या थोरल्यापासून रॉन यांची शाखा येते."

"माझ्या वंशावळीच्या तक्त्यात तिचं नावच नाही," रॉन म्हणाला. "नुसतं 'पत्नी' आहे."

"मग लिहा," आरोहा म्हणाली.

शनिवारी बाळाचं नाव रीड ठेवलं. जोसाया मधलं नाव म्हणूनही नाही. रॉनने मराएवर वंश सांगितला, जोसाया निघून गेला हेही सांगितलं, असं आरोहाने फोनवर कळवलं. रॉनचा मात्र मला कधी फोन आला नाही.

जुन्या नोंदींत एखाद्याला घर नाही, शेत नाही, कबर नाही, फक्त एक मुलगा आहे असं दिसलं, तर त्याला शोधत बसू नये. त्याची गरज कुणाला होती ते पाहावं.